वेळूची काठी आणि पिसांची माशी

वेळूचा आणि आपला संबंध इतका जुना आणि इतका रोजचा आहे की, त्याच्याकडे मुद्दाम वळून पाहण्याची पाळी आपल्यावर क्वचितच येते. बाळाला ज्यात निजवावयाचे ते सूप, तांदूळ धुण्याची रोवळी, धान्याची कणगी, फुलांची परडी, लग्नाचा मांडव, भिंतीला टेकलेली शिडी आणि अखेरच्या प्रवासाची तिरडी, ही सारी त्याचीच रूपे होत. परंतु ह्याच वेळूला परदेशात आणखी एक रूप लाभलेले आहे, आणि ते आपल्यापैकी फार थोड्यांच्या परिचयाचे असेल. सात-आठ फूट लांब, शेंड्याला बोरूच्या टोकापेक्षाही बारीक आणि वजनाला जेमतेम चार-पाच औंस, अशी मासे धरण्याची ती एक काठी आहे. एक काठी बनविण्यास कुशल कारागिराला चाळीस-पन्नास तास सहज लागतात. इंग्लंड-अमेरिकेत आजही काही माणसे घरामागच्या लहानशा कार्यशाळेत बसून ती हाताने घडवितात. ह्या काठीची आणि तिने खेळावयाच्या खेळाची हकिकत आज मी आपणांस सांगणार आहे.

कोकणात आणि गोव्यात खाडीकाठी गरवणारी माणसे आपण पाहतो. गळाला गांडूळ किंवा कोळंबी लावावी, शिशाचा तुकडा बांधून दोरी पाण्यात सोडावी आणि वाट पाहावी, ही त्यांची रीत. मी म्हणतो तो खेळ निराळा. तो जन्मला थंड, स्वच्छ, खळाळत्या नद्यांच्या काठी, आणि त्यातील मुख्य मासा म्हणजे ट्राउट. ह्या माशाच्या अन्नात पाण्यावरील कीटकांचा वाटा मोठा असतो. त्या कीटकांपैकी एकाचे आयुष्य मोठे विलक्षण आहे. एक-दोन वर्षे तो नदीच्या तळाशी, दगडांच्या आड, अळीच्या अवस्थेत राहतो. मग एके दिवशी पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन कात टाकतो आणि पंख पसरून उडतो. ह्या अवस्थेत त्याला खाण्याजोगे तोंडच नसते. जोडीदार शोधावयाचा, मादीने पाण्यावर अंडी घालावयाची आणि एक-दोन दिवसांत मरून जावयाचे, एवढेच त्याचे प्रौढ जीवन. ‘एका दिवसाचा’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिले आहे. हे कीटक थव्याथव्यांनी पाण्यावर उतरू लागले, की ट्राउट वर येऊन त्यांना टिपू लागतात.

हा कीटक इतका नाजूक असतो की, गळाला टोचणे कठीण. तेव्हा माणसाने युक्ती काढली. लहानशा गळाभोवती रेशमी धागा गुंडाळावयाचा, त्यावर कोंबड्याच्या मानेचे पीस आणि सशाची लव बांधावयाची, आणि पाण्यावर तरंगणाऱ्या कीटकाची हुबेहूब प्रतिमा तयार करावयाची. माशीने मासा धरण्याचा हा प्रकार फार जुना आहे. इसवी सनाच्या २०० च्या सुमारास रोमन ग्रंथकार ईलियन याने मॅसिडोनियातील नदीवर लाल लोकर आणि कोंबड्याची पिसे बांधून मासे धरणाऱ्या लोकांचे वर्णन केले आहे. इंग्लंडात १४९६ मध्ये छापल्या गेलेल्या एका प्रबंधात अशा बारा माश्यांची कृती दिलेली आहे. आयझॅक वॉल्टन याचा प्रसिद्ध ग्रंथ १६५३ मध्ये निघाला, आणि १६७६ च्या आवृत्तीत त्याचा मित्र चार्ल्स कॉटन याने माशीने मासे धरण्याच्या विद्येवर स्वतंत्र भाग लिहून जोडला. म्हणजे हा खेळ अडाण्यांचा नव्हे. त्याला स्वतःचे वाङ्मय आहे.

आता ह्या खेळाची खरी अडचण ध्यानात घ्या. दगड दूर फेकता येतो. पीस फेकता येत नाही. गरवणारा शिशाच्या वजनावर दोरी दूर धाडतो. पण पिसाच्या माशीला वजनच नाही. म्हणून येथे वजन दोरीला दिलेले असते, आणि माशी त्या दोरीच्या शेवटी केवळ तिच्यामागून जाते. खेळाडू काठी मागे नेतो, तशी दोरी त्याच्या डोक्यावरून मागे जाऊन उलगडते. ती पुरती सरळ होईपर्यंत थांबावयाचे, आणि मग काठी पुढे आणावयाची. ह्या वेळी दोरीच्या भाराने काठी धनुष्यासारखी वाकते, पुन्हा सरळ होते, आणि आपल्या अंगी साठलेली शक्ती दोरीला देऊन टाकते. दोरी हवेतून उलगडत जाते आणि तिच्या टोकाची माशी पाण्यावर अलगद उतरते. ज्याला मागची दोरी उलगडेपर्यंत थांबवत नाही, त्याची दोरी चाबकासारखी कडाडते आणि माशी तुटून जाते. ह्या खेळात बळापेक्षा थांबण्याला महत्त्व अधिक आहे, आणि हे थांबणे किती वेळाचे, ते काठी हाताला सांगते. म्हणूनच काठीच्या अंगचा लवचिकपणा हा ह्या खेळाचा प्राण होय.

पूर्वी ह्या काठ्या लाकडाच्या असत. त्या लांब, जड आणि हाताला शिणविणाऱ्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात ईस्टन या गावी सॅम्युएल फिलिप नावाचा कारागीर होता. तो बंदुका घडवी आणि व्हायोलिनही बनवी. वेळू उभा चिरून त्याच्या कामट्या सरसाने एकत्र जोडण्याच्या कलेचे श्रेय अमेरिकेत बहुधा त्याला देण्यात येते. पुढे मेन राज्यातील हायरम लेनर्ड याने सहा कामट्यांच्या काठ्या मोठ्या प्रमाणावर बनविण्यास आरंभ केला आणि कामट्या कापण्याचे यंत्रही सिद्ध केले.

आणि श्रोतेहो, येथे आपल्या देशाचा संबंध येतो. हा वेळू आला कोठून? तो आला हिंदुस्थानातून. कलकत्त्याच्या बंदरातून जहाजावर चढे म्हणून परदेशच्या कारागिरांनी त्याचे नावच ‘कलकत्ता’ ठेवले. आपल्याकडे लाठीसाठी आणि भाल्याच्या दांड्यासाठी वापरला जाणारा, आतून जवळजवळ भरीव असा तो वेळू. अमेरिकेतील पहिल्या नामांकित काठ्या ह्या आपल्या वेळूतून निघाल्या. परंतु त्यावर पुष्कळदा जाळल्याचे काळे डाग असत, आणि त्यामुळे चांगल्या कामट्या थोड्याच हाती लागत. विसाव्या शतकाच्या आरंभी चीनमधून एक निराळा वेळू येऊ लागला, आणि पाहता पाहता त्याने कलकत्त्याच्या वेळूची जागा घेतली.

व्यापाऱ्यांनी ह्या चिनी वेळूला ‘टोंकिन’ म्हटले. वास्तविक टोंकिन हा प्रांत व्हिएतनाममधला, आणि हा वेळू तेथला नव्हेच. तो वाढतो दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांतात, सुई नदीच्या आसपासच्या टेकड्यांवर. कँटनच्या लिंगनान विद्यापीठात काम करणारे अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्लॉइड मॅक्लूर यांनी १९३१ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याला लॅटिनमध्ये ‘अमाबिलिस’, म्हणजे प्रेम करण्याजोगा, असे विशेषण दिले. ह्या वेळूची पेरे सरळ असतात, आणि सालीलगतचे तंतू विलक्षण दाट व चिवट असतात. तेथील माणसे तो तोडून नदीच्या पाण्यात ओल्या वाळूने घासतात, उन्हात वाळवितात, आगीवर शेकून सरळ करतात आणि मोळ्या बांधून पाठवितात.

आता ह्या वेळूची काठी कशी होते ते पाहू. कारागीर प्रथम वेळू उभा चिरून त्याच्या कामट्या काढतो. मग गाठी कानशीने घासून, उष्णतेने दाबून सपाट करतो. लगतच्या कामट्यांच्या गाठी एकाच जागी येऊ नयेत म्हणून कामट्या मागेपुढे सरकवून जुळवितो. कारण गाठ ही वेळूची दुबळी जागा. नंतर प्रत्येक कामटी रंध्याने तासून तिचा छेद समभुज त्रिकोणाचा करावयाचा. शाळेत भूमिती शिकलेल्या कोणालाही आठवेल की, समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन साठ अंशांचा असतो, आणि असे सहा त्रिकोण एका बिंदूभोवती मांडले की तीनशे साठ अंश पुरे होऊन नेमका षट्कोन तयार होतो. मुलांना पाटीवर काढून दाखविण्याचा हा सिद्धान्त येथे माणसाच्या मुठीत येऊन बसतो.

तासण्यापूर्वी कामट्या एकत्र बांधून भट्टीत भाजतात. त्याने उरलासुरला ओलावा जातो आणि तंतू ताठ होतात. मग येते ते खरे कसोटीचे काम. पोलादाच्या दोन लांब पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून त्यांच्यामध्ये साठ अंशांची खाच केलेली असते. दर पाच इंचांवर स्क्रू असतात, आणि ते फिरवून खाचेची खोली इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत कमी-अधिक करता येते. ह्या खाचेत कामटी ठेवून रंधा फिरवावयाचा. एक नियम मात्र कधीही मोडावयाचा नाही: सालीच्या बाजूला रंधा लावावयाचा नाही, कारण काठीचे सारे बळ त्या बाजूच्या तंतूंत असते. जे तासावयाचे ते आतून. काठीच्या शेंड्याजवळ एकेका कामटीची जाडी एक मिलिमीटरपेक्षाही कमी उरते. दोन तुकड्यांची काठी आणि शेंड्याचा एक जादा तुकडा असा संच करावयाचा, तर अशा अठरा कामट्या बिनचूक उतराव्या लागतात.

मग सहा कामट्यांना सरस लावून त्या दोऱ्याने गुंडाळावयाच्या, सुकू द्यावयाच्या आणि डोळ्यांसमोर धरून सरळ करावयाच्या. दोन तुकडे जोडण्यासाठी जर्मन सिल्व्हरची नळी बसवितात. ती इतकी अचूक लागते की, काठी सुटी करताना हलकासा हवेचा आवाज व्हावा. मुठीसाठी बुचाच्या चकत्या एकावर एक चिकटवून घासतात. दोरी ओवण्याच्या कड्या रेशमी धाग्याने बांधतात, आणि शेवटी रोगणाचे पातळ हात देतात.

काठीबरोबर चक्री हवी. ही चक्री दिसावयास साधी, परंतु करावयास अवघड. पूर्वी दोरी तेल पाजलेल्या रेशमाची असे, आणि भिजलेली ठेवली तर कुजे. व्हर्माँट राज्यातील चार्ल्स ऑर्व्हिस याने १८७४ मध्ये जी चक्री स्वाधिकारपत्र घेऊन बाजारात आणली, तिच्या बाजूंना भोके ठेवली होती. त्यांतून हवा खेळे आणि दोरी वाळे. इंग्लंडच्या उत्तरेस अ‍ॅनिक या गावी १८७२ मध्ये स्थापन झालेल्या हार्डी बंधूंच्या पेढीनेही चक्रीच्या कामात मोठा लौकिक मिळविला. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात स्टॅन्ली बॉगडन हे २०११ पर्यंत हयात होते. त्यांच्या हातची चक्री मिळावी म्हणून गिऱ्हाइके वर्षानुवर्षे थांबत. दोरीच्या टोकाला जी अदृश्यप्राय तात लावतात, ती नायलॉन येण्यापूर्वी स्पेनमधील मुर्सिया येथे रेशमाच्या किड्याच्या ग्रंथी ताणून बनवीत असत. पिसांचे म्हणाल, तर सामन माशासाठी बांधल्या जाणाऱ्या शोभिवंत माश्यांत आपल्या सह्याद्रीतील राखी रानकोंबड्याच्या मानेचे, मेणासारखे पिवळसर ठिपके असलेले पीस एके काळी फार मोलाचे गणले जाई. आज तो पक्षी आपल्याकडे कायद्याने संरक्षित आहे, आणि ते योग्यच झाले. अशा रीतीने चीनचा वेळू, स्पेनची तात आणि आपले पीस एकत्र येऊन इंग्लंडातील एखाद्या ओढ्यावर उतरत असत.

परंतु कारागिरी केवळ गुणांवर जगत नाही. १९५० मध्ये कोरियाच्या युद्धात चीन उतरल्यावर अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला, आणि वेळू येईनासा झाला. तो निर्बंध १९७१ मध्ये सैल झाला. मधल्या वीस वर्षांत काचतंतूच्या स्वस्त काठ्यांनी बाजार व्यापला, आणि १९७० नंतरच्या दशकात त्यांच्याहून हलक्या, कर्बतंतूच्या काठ्या आल्या. ह्या नव्या काठ्या वाईट नाहीत. दूरच्या फेकीला त्या सरसच आहेत. अनेक जुने कारखाने मात्र मिटले. लेनर्डचा कारखानाही १९८० नंतरच्या दशकात बंद झाला.

ह्या लेनर्डच्या कारखान्याविषयी एक गोष्ट सांगतात. कामट्या कापण्याचे ते यंत्र कुलुपबंद खोलीत ठेवलेले असे, आणि तेथे मोजक्या विश्वासू माणसांनाच प्रवेश असे. धंद्याचे रहस्य जपावे, हे धंद्याच्या दृष्टीने स्वाभाविकच होते. परंतु ह्याच्या अगदी उलट वागणारा एक मनुष्य पुढे झाला. न्यूयॉर्कजवळील योंकर्स येथे एव्हरेट गॅरिसन नावाचे एक अभियंते राहत. त्याच गावातील डॉक्टर जॉर्ज पार्कर होल्डन यांनी १९२० मध्ये वेळूच्या काठीवर एक पुस्तक लिहिले होते, आणि त्यांच्याकडून गॅरिसन यांना ह्या कामाची गोडी लागली. पूल कोठे किती वाकेल ह्याचे गणित जसे करतात, तसे त्यांनी काठीच्या बाकाचे गणित केले. उतारवयात त्यांना होगी कारमायकेल नावाचा एक तरुण शिष्य भेटला. गॅरिसन यांनी आपली मापे, आपली हत्यारे, आपली आकडेमोड, काहीएक हातचे न राखता त्याच्यापुढे ठेवली. १९७५ मध्ये गॅरिसन वारले. १९७७ मध्ये कारमायकेल यांनी ती सारी विद्या पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. ते पुस्तक वाचून डॉक्टर, सुतार, शिक्षक, निवृत्त सैनिक अशा नाना प्रकारच्या माणसांनी आपापल्या घरी रंधा हाती घेतला. कुलपातले यंत्र त्या कारखान्याला वाचवू शकले नाही; उघडे केलेले ज्ञान मात्र देशोदेशी पसरले.

येथे कोणी श्रोता विचारील, आणि त्याने विचारावेच, की एवढा खटाटोप कशासाठी? हजार-दोन हजार डॉलर देऊन काठी घ्यावयाची आणि धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडून द्यावयाचा, हा श्रीमंतांचा चाळा नव्हे काय? आणि सोडूनच द्यावयाचा तर मुक्या जिवाला गळ टोचावा तरी कशासाठी? ह्या प्रश्नात तथ्य आहे, आणि ह्या खेळातील विचारी माणसांनाही तो छळतो. म्हणून कित्येकजण गळाचा उलटा काटा मोडून टाकतात आणि माशाला पाण्याबाहेर न काढताच मोकळा करतात. त्याने प्रश्न पुरता मिटतो, असे मी म्हणणार नाही. पण ह्याची दुसरी बाजूही पाहावयास हवी. ट्राउट मासा गढूळ, विषारी पाण्यात जगत नाही. त्यामुळे ज्याला हा खेळ खेळावयाचा, त्याला नदी जपावीच लागते. इंग्लंडातील डर्बी येथे डर्वेंट नदी कारखान्याच्या गरम व दूषित पाण्याने, नगरपालिकेच्या मैल्याने आणि वीजकेंद्राच्या उष्ण पाण्याने नासली होती. तेव्हा मासे धरणाऱ्यांच्या एका मंडळाने ह्या तिघांवरही दावा लावला, आणि १९५३ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने मंडळाच्या बाजूने निकाल दिला. गळ घेऊन काठावर बसणाऱ्या साध्या माणसांनी एका बड्या कंपनीला, एका शहराला आणि सरकारी वीजमंडळाला नदीपुढे मान लववावयास लावली. नदीवर ज्याचे प्रेम आहे असा माणूस काठावर असला, म्हणजे नदीला वाली असतो.

आपल्या नद्यांना असा वाली आहे काय? कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील महासीर मासा आहे, आणि ‘खुद्री’ हे त्याचे शास्त्रीय नाव ह्याच प्रांतातून गेलेले आहे. आज शहराखालच्या त्या पात्राकडे पाहून असा मासा येथे खेळत असे, हे सांगितले तर मुलांना खरे वाटत नाही. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात मात्र देवीचे मासे म्हणून महासीर सुरक्षित राहिले आहेत, आणि लोणावळ्याच्या वळवण जलाशयापाशी टाटांच्या वीजकंपनीने ह्या माशाची पैदास करून हजारो पिले ठिकठिकाणच्या नद्यांत सोडविली आहेत. म्हणजे श्रद्धेने किंवा शास्त्राने, कशानेही का होईना, जेथे कोणी लक्ष घातले तेथे मासा उरला.

आणि जी गोष्ट नदीची, तीच वेळूची. कलकत्त्याचा वेळू परदेशी गेला तो कच्चा माल म्हणून. त्यातून काठी घडविण्याची विद्या तिकडे वाढली, आपल्याकडे आली नाही. आपल्या बुरुडांच्या हाताला विद्या नव्हती असे नव्हे. कामटी किती ओली असता चिरावी, सालीची बाजू कोणती ठेवावी, वीण कोठे घट्ट आणि कोठे सैल धरावी, हे आपला बुरूड पिढ्यान्पिढ्या जाणत आला आहे. पण ती विद्या कोणी विचारली नाही, मोजली नाही आणि लिहूनही ठेवली नाही. भारतीय वन कायद्यात वेळू ‘वृक्ष’ गणला जाई. २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरच्या वेळूवरील ते बंधन उठले. वेळू लावणे आणि तोडणे आता सुलभ झाले आहे. पण वेळू मोकळा झाला म्हणून विद्या आपोआप वाढत नाही. ज्या घरात ती आहे त्या घरातली मुले आज दुसऱ्या कामाला जात आहेत, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

मला वाटते, आपल्या गावातील शाळांना येथे एक लहानसे काम करता येईल. वरच्या वर्गातील चार-पाच मुलांनी गावातील एखाद्या वृद्ध बुरुडाकडे वही आणि मोजपट्टी घेऊन जावे, त्याच्या हातातील कामटीची जाडी मोजावी, हत्यारांची चित्रे काढावी, आणि त्याने वापरलेले शब्द जसेच्या तसे उतरून घ्यावे. गॅरिसन यांच्याजवळ एक शिष्य बसला आणि त्याने लिहून घेतले, एवढ्याने ती कला तगली. आपल्याकडे गुरूही आहेत आणि वेळूही आहे. त्यांच्याजवळ जाऊन बसणारी मुले तेवढी आपण पाठवावयाची आहेत.